पहिली सतरा वर्षं: कॉलेज फुटबॉलचा कोच होऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न लांबट चेंडूच्या, हेल्मेटवाल्या अमेरिकन फुटबॉलचे आहेत. उत्तरंही त्याच खेळापुरती.

मुलगा टेक्सासमध्ये विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत एकच वर्ष खेळला, आता म्हणतो कोच व्हायचंय. न खेळलेल्याला कोणी उभं करतं का? – एक आई, ह्यूस्टन

करतात. माइक लीच कॉलेजात फुटबॉल खेळले नव्हते, त्यांच्याकडे कायद्याची पदवी होती. तरी टेक्सास टेक, वॉशिंग्टन स्टेट आणि मिसिसिपी स्टेट या तिन्ही ठिकाणी ते हेड कोच झाले. मात्र खेळाडूला जी ओळख आयती मिळते, ती तुमच्या मुलाला कामातून कमवावी लागेल.

सुरुवात त्याच्याच विद्यापीठात करावी: व्हिडिओ विभाग, इक्विपमेंट मॅनेजर किंवा रिक्रूटिंग (नवे खेळाडू मिळवणाऱ्या) ऑफिसातला विद्यार्थी मदतनीस. ऑगस्टमध्ये ईमेल पाठवू नये, तेव्हा कॅम्प चालू असतो आणि कोणी वाचत नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा, कारण पुढे स्प्रिंगच्या 15 प्रॅक्टिस असतात आणि माणसं कमी पडतात. पत्र हेड कोचला नको, फुटबॉल ऑपरेशन्सच्या डायरेक्टरला. चार ओळी पुरेत, सोबत संघाच्या मागच्या एखाद्या सामन्यातल्या थर्ड डाउनचा (10 यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी, म्हणजे डाउनपैकी, तिसरा) एका पानाचा तक्ता. ‘मला खेळाची प्रचंड आवड आहे’ हे वाक्य काढून टाकायला सांगा. ते प्रत्येक अर्जात असतं.

जोडीला टीचिंग सर्टिफिकेट असू द्यावं. टेक्सासमधले हायस्कूल कोच बहुतेक शिक्षकही असतात, त्यामुळे कॉलेजचं दार उघडलं नाही तरी फुटबॉल सुटत नाही.

ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा मिळतेय. काम नेमकं काय असतं? – न्यू जर्सीहून एक विद्यार्थी

जीए म्हणजे मास्टर्स करता करता कोचिंग स्टाफमध्ये राबणारा माणूस. फी बहुधा माफ होते, वर जेमतेम स्टायपेंड, मुदत साधारण दोन वर्षं. दिवसाचा मोठा भाग दोन कामांत जातो.

पहिलं, फिल्म तोडणं. प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या चार-पाच सामन्यांतला प्रत्येक प्ले साइडलाइन आणि एंड झोन अशा दोन्ही कोनांतून पाहायचा आणि नोंदवायचा: डाउन, राहिलेले यार्ड, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानातल्या डाव्या की उजव्या खुणांवर), यार्ड लाइन, पर्सोनेल (मैदानात कुठल्या प्रकारचे खेळाडू; 11 म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाइट एंड), फॉर्मेशन, मोशन (प्ले सुरू होण्याआधीची हालचाल), कव्हरेज (पास अडवण्याची मांडणी), ब्लिट्झ (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर जादा माणसांचा हल्ला), निकाल. काम कंटाळवाणं आहे आणि चुका तिथेच होतात. चार सामन्यांत मिळून थर्ड डाउन धरा 50. ते कमी, मध्यम आणि लांब अंतरात वाटले की प्रत्येक गटात सोळा-सतरा. तुम्ही ‘थर्ड अँड सिक्स’ला (तिसरा डाउन, सहा यार्ड बाकी) सात टाकलेत तर तो प्ले मध्यममधून लांबमध्ये जातो आणि त्या गटाचा टक्का सहाने हलतो. कोऑर्डिनेटर (ऑफेन्स किंवा डिफेन्सचा प्रमुख कोच) त्याच आकड्यावर बुधवारी थर्ड डाउनचा प्लॅन बसवतो. म्हणून नोंद झाली की फक्त डाउन आणि अंतराचे दोन रकाने वरून खाली पुन्हा वाचायचे. मागच्या प्लेचे यार्ड पुढच्या अंतराशी जुळत नसतील तर चूक तिथेच सापडते.

दुसरं, स्काउट कार्ड. आपल्या ऑफेन्सच्या सरावात राखीव खेळाडू प्रतिस्पर्ध्याचा डिफेन्स खेळतात. त्यांना प्रत्येक प्लेआधी एक चित्र दाखवलं जातं, ते तुम्ही काढायचं. नवखा जीए हमखास एक घोळ करतो: कार्ड आपल्या ऑफेन्सच्या बाजूने काढतो. बघणारे मात्र समोर, उलट तोंडाने उभे असतात. डावं-उजवं फिरतं, ब्लिट्झ भलत्या बाजूने येतो आणि क्वार्टरबॅक चुकीची गोष्ट शिकून घरी जातो. कार्ड काढणाऱ्याने नेहमी स्काउट टीमच्या (त्या राखीव खेळाडूंच्या) घोळक्यात उभं राहून विचार करावा. जाड मार्कर वापरा, पाच-सहा फुटांवरून वाचता आलं पाहिजे. कार्डाचा क्रमांक प्रॅक्टिस स्क्रिप्टशी जुळवा, कागद प्लास्टिकच्या खिशात घाला (पाऊस असतोच) आणि ज्याला काम आहे त्या खेळाडूभोवती लाल गोल करा. मंगळवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनची कार्डं, बुधवारी थर्ड डाउनची, गुरुवारी रेड झोन (गोलरेषेआधीचे शेवटचे 20 यार्ड) आणि शेवटच्या दोन मिनिटांची, अशी वाटणी बहुतेक ठिकाणी दिसते.

जीएनंतरची पायरी म्हणजे फिल्म आणि आकडे बघणारा क्वालिटी कंट्रोल किंवा अ‍ॅनालिस्ट. 2024पर्यंत कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या, एफबीएस पातळीवर या लोकांना मैदानात खेळाडूंना शिकवायची परवानगी नव्हती. आता आहे. बाहेरगावी रिक्रूटिंगला मात्र हेड कोच धरून अकरा जणच जाऊ शकतात. म्हणून जागा घेताना विचारा: शिकवायला मिळेल की नुसती फिल्म?

मी पुण्यातून एफ-1 व्हिसावर मास्टर्सला जाणार आहे. जीए होता येईल का? – पुणे

नियमात बसतं, तासांत बसत नाही. एफ-1वर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. सीझनमध्ये जीए पहाटे येतो आणि रात्री दिवे मालवून जातो. ‘वरचे तास हौसेने करतो’ असा तोडगा कोणी सुचवला तर ऐकू नका. पगारी कामच फुकट केलं तरी ते काम म्हणून मोजलं जाऊ शकतं आणि भोगायला तुमचा व्हिसा असतो, कोच नाही. सही करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या.

पदवीनंतर ओपीटीचे (शिकलेल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे) 12 महिने मिळतात, विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी 24. त्यामुळे स्पोर्ट्स मॅनेजमेंटपेक्षा डेटा अ‍ॅनालिटिक्सची पदवी इथे जास्त उपयोगी. एच-1बी या नोकरीच्या व्हिसात विद्यापीठांना लॉटरीतून जावं लागत नाही हा फायदा, पण नोकरीला ठराविक पदवी लागतेच हे दाखवावं लागतं. ते डेटाच्या जागेसाठी सोपं, लाइनबॅकर (डिफेन्सची मधली फळी) कोचसाठी अवघड.

जावई एका छोट्या विद्यापीठात डिफेन्सिव्ह बॅक्सचा (पास अडवणाऱ्या मागच्या फळीचा) कोच आहे. सात वर्षांत चार गावं झाली. हे असंच चालायचं का? – नाशिक

बहुधा हो. नामवंत कोच निक सेबन यांच्या नोकऱ्यांची यादी बघा: 1973मध्ये केंट स्टेटला जीए, मग तिथेच लाइनबॅकर कोच, पुढे सिरॅक्यूस, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, एनएफएल या व्यावसायिक लीगमधला ह्यूस्टन ऑयलर्स. हेड कोचची पहिली खुर्ची 1990मध्ये, टोलीडोला. म्हणजे सतरा वर्षं, आणि हे सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणाऱ्या माणसाचं. टोलीडोतही ते एकच सीझन राहिले.

जावयाच्या नोकरीचा धागा त्याच्या कामापेक्षा त्याच्या हेड कोचच्या हातात असतो. हेड कोच गेला की नवा आपली माणसं आणतो. हे सगळं डिसेंबर-जानेवारीत घडतं, बरोबर मुलांच्या शाळेच्या मध्यात. म्हणून अनेक कुटुंबं कोचला पुढे पाठवतात आणि स्वतः जूनमध्ये हलतात. घर विकत घेण्याची घाई नको. भाडेकरारात नोकरी गेल्यास बाहेर पडण्याचं कलम मागावं, आरोग्यविमा कुठल्या तारखेपर्यंत चालतो ते आधीच विचारून ठेवावं. त्याने जानेवारीत अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनच्या अधिवेशनाला नोकरी असतानाही जावं. नोकरी गेल्यावर ओळखी काढायला आलेला माणूस तिथे लांबूनच कळतो.

काढून टाकलेल्या कोचला कोट्यवधी डॉलर कसे मिळतात? जावयालाही मिळतील का? – तेच वाचक

हेड कोच जिंबो फिशर यांना टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023मध्ये काढलं तेव्हा देणं सुमारे साडेसात कोटी डॉलर होतं. करारातली उरलेली वर्षं हमीची होती आणि दुसरी नोकरी धरली तरी रक्कम कापायची नाही, असं ठरलेलं होतं. असिस्टंटचा करार बहुधा एक ते तीन वर्षांचा, आणि त्यात नव्या पगाराइतकी वजावट असते. ते कलम जावयाच्या करारात आहे का आणि तो स्वतः सोडून गेला तर उलट त्यालाच किती भरावे लागतील, हे दोन आकडे विचारा.

भारतात राहून तयारी होते का? – कोल्हापूर

अर्धीमुर्धी. लॉस एंजलिस 2028 ऑलिंपिकमध्ये असलेलं फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची) पाच-पाच जणांचं आहे, मैदान 50 बाय 25 यार्ड, वर दोन्ही टोकांना एंड झोन. पासचे रूट (पास घेणाऱ्यांचे धावण्याचे मार्ग) आणि कव्हरेज शिकायला उत्तम. पण ब्लॉकिंग नाही, टॅकल नाही, त्यामुळे लाइनचा (समोरासमोर भिडणाऱ्या फळीचा) खेळ त्यातून मुळीच कळत नाही. ती बाजू फिल्म बघूनच भरून काढा. दर प्लेला चेंडू सोडून फक्त लाइनमधल्या डाव्या गार्डकडे बघा, मग तोच प्ले परत लावून त्याच्या शेजारच्या सेंटरकडे.