वाचकांचे प्रश्न : जुने छापील अहवाल नेटवर ठेवताना

प्रश्न : आम्ही इतिहासाचे पाच विद्यार्थी आहोत. आमच्या तालुक्याच्या गावातील एका जुन्या वाचनालयाने १९१४ ते १९६२ या काळातील आपले छापील वार्षिक अहवाल प्रकल्पासाठी आमच्या हाती दिले आहेत. ते स्कॅन करून सर्वांसाठी नेटवर ठेवण्याचा विचार आहे. परवानगी कोणाची घ्यावी लागेल? मोबाइलने फोटो काढले तर चालेल का? दोन पाने ओसीआरमधून (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर देणाऱ्या साधनातून) काढून पाहिली, तर मजकूर इतका विस्कटून आला की सगळे हाताने टंकणे सोपे वाटू लागले आहे.

उत्तर : आधी परवानगीचे पाहू. अहवालांच्या प्रती वाचनालयाच्या मालकीच्या आहेत, म्हणून कार्यकारी मंडळाचा ठराव किंवा निदान चिटणीसांचे सहीशिक्क्याचे पत्र घेऊन ठेवावे. छापील मजकुरावरील स्वामित्वहक्क ही वेगळी बाब आहे. भारतीय कायद्यानुसार ज्या मजकुरावर लेखकाचे नाव नाही त्यावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९६२ साली छापलेला निनावी अहवाल १ जानेवारी २०२३ पासून सर्वांना खुला झाला आहे. अपवाद नाव घालून छापलेल्या मजकुराचा. अध्यक्षांचे भाषण किंवा एखाद्या सभासदाचा लेख अहवालात असेल, तर ६० वर्षे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून मोजावी लागतात. तेव्हा अशा पानांची यादी सुरुवातीलाच करावी आणि ज्यांचा मृत्युसन कळत नाही ती पाने तूर्त बाजूला ठेवावीत.

विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या संस्थेच्या खुल्या फाइलसाठ्यावर) फाइल चढवून मराठी विकिस्रोतावर (तिच्याच खुल्या ग्रंथालयावर) काम करायचे असेल तर आणखी एक मेख आहे. तेथे भारतीय कायद्याबरोबर अमेरिकेचा कायदाही पाळावा लागतो. आपल्याकडे ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपणार, हे लक्षात आल्यावर ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली. त्यामुळे १९४१ आणि त्यानंतर छापलेला निनावी मजकूर १९९६ च्या आरंभी भारतात संरक्षित होता. परदेशी मजकुरासाठी अमेरिकेचा कायदा हीच तारीख पाहतो, आणि तेव्हा संरक्षित असलेल्या मजकुरावरील हक्क तेथे प्रकाशनापासून ९५ वर्षे धरला जातो. थोडक्यात, १९४० पर्यंतचे अहवाल कॉमन्सवर निर्धास्तपणे ठेवा आणि पुढचे वाचनालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवा.

मोबाइल चालेल, मात्र एका वेळी एकच पान टिपावे. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० बिंदू) हवे असेल तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू लागतात. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात पान चौकटभर घेतले तर तेवढे मिळतात, पण उघड्या पुस्तकाची दोन पाने एकत्र टिपली की तीच संख्या निम्मी होते आणि अनुस्वार कागदावरच्या ठिपक्यांत हरवतात. शिवणीकडचा मजकूरही अशा फोटोत वळून जातो. आम्ही एकदा वेळ वाचवण्यासाठी तसे केले, आणि पुढे दोनशे पाने पुन्हा टिपावी लागली.

कागद पातळ असेल तर पानामागे काळा कागद सरकवावा, म्हणजे मागची छपाई पुढे उमटत नाही. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, टोके उचलून सावकाश सोडवा. शिवण उसवून सुटी पाने स्कॅनरच्या फीडरमध्ये घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण त्या काळचा कागद घडीवर तुटतो. मूळ फाइल टिफ या, चित्राचा तपशील न गमावणाऱ्या, स्वरूपात जपावी आणि वाचकांसाठी तिची पीडीएफ करावी. पानापानावर महाविद्यालयाचा शिक्का उमटवण्याचा मोह मात्र आवरावा. स्कॅन केल्याने मजकूर आपला होत नाही, आणि तो शिक्का नेमका अक्षरांवर बसून ओसीआरचे काम बिघडवतो.

आता विस्कटलेल्या मजकुराविषयी. टेसरॅक्टसारख्या ओसीआरच्या साधनात भाषा निवडताना मराठीच निवडावी. हिंदीवर ठेवल्यास ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ यांची हमखास वाट लागते. या ‘ऱ्य’ची एक गंमत ध्यानात ठेवा. ‘दुसऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये (संगणकावरील अक्षरांच्या संकेतपद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्त्याचा ऱ वापरून आणि दुसरा साध्या र्‌ला अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. पाच जणांनी पाच कळफलक वापरले तर शोधणाऱ्याला अर्धेच उतारे सापडतील. म्हणून नुक्त्याचा ऱ ठरवून टाका आणि शेवटी सर्व फाइलींत एकदा शोधा-बदला करून घ्या.

त्याहून मोठा धोका शुद्धलेखन ‘सुधारण्याचा’ आहे. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या छपाईत ‘पुस्तकें’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार असणारच. ते काढून टाकणे म्हणजे दस्तऐवजात फेरफार करणे होय. जसे छापले तसेच उतरवा, आणि आजचे वाचक ‘पुस्तके’ असे शोधतील म्हणून आधुनिक रूपे फाइलीच्या वर्णनात द्या.

जमाखर्चाची पाने ओसीआरवर सोडूच नका, ती हातानेच टंका. रुपये, आणे, पै हे तीन स्तंभ एकत्र येऊन १२-८-६ चे १२८६ होते, आणि एवढ्या रकमेच्या देणगीवर कोणी प्रबंधही लिहील! या रकमा दशांशांत बदलू नयेत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै हा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजी नये पैसे येईपर्यंत रीतसर चालू होता, तेव्हा तुमच्या संचात दोन्ही पद्धती भेटतील.

हाताने टंकण्याचा विचार एवढ्या पानांपुरताच ठेवा. बाकीच्या पानांसाठी ओसीआर आणि त्यावर दोघांनी केलेले मुद्रितशोधन हीच रीत ठीक. विकिस्रोतावर एकाने तपासलेले पान पिवळे होते आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासल्याशिवाय ते हिरवे होत नाही. बाकी अहवालांसाठीही हाच नियम घालून घ्या.

प्रश्न (त्याच विद्यार्थ्यांचा) : काही अहवालांवर इसवी सन नाही, फक्त शके आहे. फाइलीला कोणते वर्ष द्यावे?

उत्तर : चैत्रापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवावेत आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९. ‘शके १८४५’ एवढेच छापलेले असेल तर १९२३-२४ असे लिहावे. मुखपृष्ठावरील शक वर्णनात तसाच ठेवावा आणि आपण काढलेले वर्ष चौकटी कंसात द्यावे, म्हणजे छापलेले कोणते आणि तुम्ही काढलेले कोणते हे वाचकाला कळेल. फाइलीच्या नावात मात्र इसवी सनच घ्या, नाहीतर शके १८४५ ची फाइल सन १९१४ च्या आधी जाऊन बसेल.