मुलगी कॉलेजसाठी वडोदऱ्याला चालली आहे. पैसे सांभाळायला शिकावी म्हणून प्रीपेड कार्ड द्यावं का? कोणतं चांगलं?

कोणतं चांगलं ते मला विचारू नका. द्यावं का, यावर मात्र आमच्याकडे ऐन दिवाळीत फराळाच्या ताटावर वाजलेलं आहे, त्यामुळे लिहितेच.

माझ्या मोठ्या दिरांची मुलगी जळगावहून इथे सयाजीराव विद्यापीठात कॉमर्सला आली. राहायला हॉस्टेलवर, रविवारी जेवायला आमच्याकडे दांडिया बाजारात. दिरांनी, म्हणजे आमच्या दादांनी, निघतानाच तिच्या हातात प्रीपेड कार्ड ठेवलं. दर एक तारखेला त्यात सहा हजार, आणि पोरीने कुठेही कार्ड घासलं की मेसेज जळगावला दादांच्या मोबाईलवर. "सहा हजार म्हणजे किती हे तिला कळलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हाच म्हटलं होतं, दादा, यात तिला काही कळायचं नाही, तुम्हाला मात्र सगळं कळेल. हसण्यावारी नेलं. मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचे हिशेब बघते, पण घरात धाकट्या सुनेचं मत ते धाकट्या सुनेचंच.

पहिले काही दिवस पोरीला लेक्चर चालू असताना फोन. "तीनशे चाळीस कसले गं?" शाम्पू आणि सॅनिटरी पॅडचे, हे वर्गाबाहेर उभं राहून बापाला कसं सांगायचं? मग अचानक मेसेज शहाण्यासारखे यायला लागले. पुस्तकांचं दुकान, स्टेशनरी, मेडिकल, पुन्हा पुस्तकांचं दुकान. दादा फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचे आणि खाली अंगठा. तो अंगठा माझ्यासाठी असायचा हे सगळ्यांना कळत होतं.

एका रविवारी तिने पेन काढायला पाऊच उघडला आणि त्यातून रबर लावलेली नोटांची गुंडाळी टेबलावर पडली. सोबत चार घड्यांचा कागद. त्यावर बारीक अक्षरात रकाने पाडलेले: कुणाचं बिल, कशाचं, किती, रोख किती मिळाले, बाकी किती. म्हटलं हे काय? तर अजिबात न लाजता म्हणाली, "काकू, लारीवर, हातगाडीवर कार्ड कुठे चालतं?"

बरोबरच होतं तिचं. फतेहगंजला सेव-उसळ खायची, शेअर रिक्षाने जायचं, ड्रेस अल्टर करून घ्यायचा, तर एक रोख द्या नाहीतर क्यूआर स्कॅन करा. दादांनी घेतलेलं कार्ड किरकोळ कागदपत्रांवर मिळणारं, लहान मर्यादेचं. त्यातून ना एटीएममधून पैसे निघत, ना कुणाला पाठवता येत. मग पोरीने तोड काढली. मैत्रिणींची पुस्तकं, झेरॉक्स, औषधं हिच्या कार्डावर, आणि त्यांच्याकडून रोख हिच्या हातात. तेही पूर्ण नाही. पाचशेच्या बिलाचे साडेचारशे, कारण रोखीची गरज हिला होती, त्यांना नव्हती. आमच्या धंद्यात याला बिल डिस्काउंटिंग म्हणतात, म्हणजे रोख लगेच मिळावी म्हणून बिलाचे थोडे कमी पैसे घेणं, आणि त्यात दहा टक्के सुटणं म्हणजे चैन आहे. जळगावला शिस्तीचे मेसेज पोचत होते आणि ती शिस्त शेकड्याला दहाच्या भावाने पडत होती. मला राग यायला हवा होता. पण तो कागद मी बेरीज करून पाहिला, आणि पैशापैशाला जुळत होता हो.

नवरात्रात सगळंच निघालं. इथे गरबा म्हणजे काय ते तुमची मुलगी आली की कळेलच. पास, भाड्याची चणियाचोळी, रात्री उशिरा दुप्पट मागणारी रिक्षा. पाचव्या माळेला कार्डावर खडखडाट. माझ्यासमोर तिने जळगावला फोन लावला, "पप्पा, मेसचे भरायचे आहेत," आणि मी तांब्या भरून आणेपर्यंत टॉप-अप आलेला. सहा हजारांची मर्यादा, मर्यादा म्हणत होते ती ही. आईबापाचा फोन लागतोय तोवर कुठल्याही कार्डाला मर्यादा नसते. तुमच्या प्रश्नात तुम्ही कार्डांची तुलना विचारली आहे, भरणाऱ्या हाताबद्दल काहीच नाही, म्हणून हे एवढं लांबण लावलं.

आता कार्डाचं म्हणाल तर, रिझर्व्ह बँकेच्या नियमात ढोबळ दोन प्रकार आहेत. एक लहान: त्यात एका वेळी दहा हजारांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि फक्त खरेदी करता येते. दुसरं पूर्ण केवायसीचं, म्हणजे ओळखीची सगळी कागदपत्रं तपासून मिळणारं: शिल्लक दोन लाखांपर्यंत, पैसे पाठवता येतात, यूपीआयला जोडता येतं, रोखही काढता येते, बँकेने न दिलेलं असेल तर एका वेळी दोन हजार आणि महिन्याला दहा हजार एवढीच. घ्यायचंच तर दुसरं घ्या, नाहीतर तुमची मुलगीही डिस्काउंटिंगला बसेल. दोन्हींवर व्याज एक पै नाही. बचत खात्यात मात्र १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर व्याज धरतात. सहा हजारांवर ते चहापाण्याइतकंच, पण पडून असलेला पैसाही काही करतो हे त्या पासबुकात पोरांना दिसतं. आणि प्रीपेडच्या नावाखाली उधारी विकणारेही होते. २०२२ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने बँका सोडून इतरांना कर्जाच्या मर्यादेतून अशी कार्डं भरायला मनाई केली, तेव्हा कुठे त्यांना चाप बसला.

मुळात तुम्हाला हवा आहे तो लगाम साध्या डेबिट कार्डालाही घालता येतो, हे लोक का विसरतात कळत नाही. २०२० पासून सगळ्या बँकांना ही सोय द्यावी लागते: ऑनलाइन, परदेशी, टॅप करून, जे नको ते अ‍ॅपमधून बंद करा, रोजची मर्यादा घाला. मिनिमम बॅलन्सची भीती असेल तर शून्य शिल्लकीचं मूलभूत बचत खातं मागा. त्यात एटीएम कार्डाला वार्षिक पैसे पडत नाहीत. बँकेतले आधी दुसरंच काहीतरी दाखवतील, तुम्ही तेच मागा. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, तिथे शिकायला आलेल्या पोरीला खातं नको आणि घासायचं कार्ड हवं, हे मला पटत नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. पुढच्या सेमिस्टरला मी जाऊबाईंना गाठलं, दादांना नव्हे. पाच महिन्यांचे तीस हजार एकदम पोरीच्या स्वतःच्या खात्यात, मेसेज तिच्याच मोबाईलवर, आणि मध्ये काहीही झालं तरी भर घालायची नाही. चौथ्या महिन्यात ती कोरडी पडली. रविवारची जेवायला येणारी बुधवारी पण यायला लागली. मी वाढलं, डबा भरून दिला, रोख एक रुपया दिला नाही. दादांचा मला फोन, "पोर उपाशी मारायची आहे का?" तिने गल्लीतल्या दोन मुलांची अकाउंटन्सीची शिकवणी धरली आणि सेमिस्टर काढलं. त्याच्या पुढच्या वेळी पैसे आल्या आल्या मेसचे पाच महिन्यांचे आधीच भरून मोकळी झाली. मी सांगितलेलं नव्हतं.

दादा अजून म्हणतात की हिशेब लिहायची सवय कार्डामुळे लागली. मी म्हणते, कार्डामुळे नाही, कार्डाला चुकवण्यामुळे. गेल्या दिवाळीला जाऊबाईंनी मध्ये पडून चकल्यांचा विषय काढला म्हणून थांबलो.

एक-दोन गोष्टी राहिल्या. तीस हजार एकदम काढून देणं प्रत्येकाला जमत नाही. मग महिन्याचे द्या, पण ठरल्या तारखेला आणि ठरले तेवढेच. मुलाला ऑनलाइन जुगाराची किंवा गेममध्ये पैसे घालायची सवय असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा, तिथे मर्यादेचं कार्डच बरं. आणि अगदीच लक्ष ठेवल्याशिवाय झोप येत नसेल तर यूपीआय सर्कल बघा: खातं तुमचं, ती महिन्याला पंधरा हजारांपर्यंत तुम्ही ठरवाल तेवढे वापरते, किंवा प्रत्येक वेळी तुमची मंजुरी मागते. हा मंजुरीवाला प्रकार फक्त आमच्या दादांना सांगू नका.