नाशिकमध्ये छंद म्हणून नेमबाजी करायची आहे. रिव्हॉल्व्हर कोणतं घ्यावं, .२२ की .३२? अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले तर सगळे .३५७ घ्या म्हणतात.

छंदासाठी असेल तर .२२. (हा आकडा म्हणजे बोअर, नळीच्या भोकाचा इंचातला व्यास.) आणि त्याच्याही आधी दहा मीटरवरचं एअर पिस्तूल. घरात .३२ चं रिव्हॉल्व्हर आधीपासून असेल तर ते राहू द्या, त्याचाही उपयोग आहे. पण निव्वळ नेमबाजीच्या आनंदासाठी ते नव्यानं विकत घेऊ नका. असं का म्हणते ते सांगते, कारण मी नेमकं उलट्या क्रमानं शिकले आणि त्यात माझी दोन वर्षं गेली.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात. वडिलांकडे तीस वर्षांपासून .३२ चं रिव्हॉल्व्हर होतं, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, मधून दुमडून उघडणारं. परवानाधारकाचं वय ७० झालं की वारसाला त्या शस्त्रासाठी परवाना मागता येतो, तसा तो माझ्या नावावर आला. वडिलांनी तीस वर्षांत त्यातून किती गोळ्या झाडल्या असतील? त्यांच्याच सांगण्यानुसार अकरा. बाकी काळ ते गोदरेजच्या कपाटात, कातडी पाकिटात.

मी पहिल्यांदा रेंजवर गेले तेव्हा वडिलांचीच जुनी काडतुसं घेऊन गेले. सहा भरली. दोन उडालीच नाहीत. चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज आला आणि मी रिव्हॉल्व्हर खाली घेऊन बघायला लागणार तोच मागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकांनी माझा खांदा धरला. म्हणाले, “ताई, नळी टार्गेटकडेच. तीस आकडे मोजा.” कधी कधी दारू उशिरा पेट घेते, आणि तोवर नळी भलतीकडे वळलेली असते. ते तीस आकडे मी आजही मोजते. उरलेल्या चार गोळ्यांपैकी कागदावर एक लागली, तीही कोपऱ्यात. अंतर पंचवीस मीटर.

त्या दिवशी मला वाटलं की रिव्हॉल्व्हर खराब आहे. तसं नव्हतं. अडचण काडतुसांच्या संख्येची होती आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे. हत्यार निवडताना वर्षाला किती गोळ्या झाडायला मिळतील हे आधी मोजा. बोअर कोणतं, कंपनी कोणती, हे सगळं त्यानंतर.

स्वसंरक्षणासाठीच्या परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हे लिहिलेलं असतं, आणि तो आकडा छंदासाठी फार तोकडा पडतो. त्यात .३२ चं काडतूस महाग, शिवाय दुकानात नेहमी मिळेल असंही नाही. झाडलेल्या काडतुसाची रिकामी केस, म्हणजे त्याचं धातूचं नळकांडं, घरी पुन्हा भरणं, जे अमेरिकेत लोक सर्रास करतात, ते आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा आहे. म्हणजे .३२ घेऊन तुम्ही महिन्याला दहा गोळ्या झाडणार. त्याउलट एअर पिस्तुलावर आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी ऐंशी छर्रे धरले तरी वर्षाला बारा हजार होतात. हात बारा हजारांनी शिकतो, शंभरांनी नाही.

आता .३५७ बद्दल. अमेरिकेत ते सुचवतात त्यामागे चांगलं कारण आहे. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ चं, आणि जुन्या .३८ स्पेशलची केस थोडी लांब करून बनवलेलं. त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलही चालतं. हलकं, स्वस्त .३८ भरून सराव करायचा, जोरकस हवं तेव्हा .३५७ भरायचं, एका हत्यारात दोन कामं. पण आपल्याकडे .३८ हे प्रतिबंधित बोअर आहे, पिस्तुलांतलं ९ मिलिमीटरही तसंच. सामान्य परवानाधारकाला परदेशातून हत्यार मागवता येत नाही, ती सवलत नामवंत नेमबाजांना स्पर्धेसाठी असते. .३५७ चं एखादं जुनं हत्यार कुठून मिळालंच, तरी त्यातली अर्धी गंमत म्हणजे ते स्वस्त .३८, ती इथं नाही. तेव्हा तो सल्ला तिथल्यासाठी बरोबर आहे, पण आपल्या कामाचा नाही.

.३२ ला मात्र कमी लेखू नका. आपल्या देशी रिव्हॉल्व्हरमध्ये जे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस जातं ते १८९६ चं आहे आणि अत्यंत सौम्य, गुणी काडतूस आहे. झटका कमी, गोळी सरळ जाते. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या आंतरराष्ट्रीय प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअर चालतं, आणि तिथं जगभरचे नेमबाज वर्षानुवर्षं हेच .३२ लाँग पसंत करत आलेत. फक्त त्यांची गोळी सपाट तोंडाची असते, कागदाला पंचिंग मशीननं पाडल्यासारखं स्वच्छ भोक पाडणारी. याच सेंटर फायर प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा एशियाडमध्ये ६०० पैकी ५९० गुण करून तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली होती. मला हे कळलं तेव्हा वडिलांच्या त्या रिव्हॉल्व्हरकडे बघायची नजरच बदलली.

मग फरक कुठं पडतो? नळीची लांबी, साइट (नळीवरची नेम धरायची खूण) आणि चाप. आपल्या .३२ रिव्हॉल्व्हरची नळी साधारण ७६ मिलिमीटर. पुढची आणि मागची साइट यांच्यातलं अंतर बारा सेंटीमीटरच्या आसपास धरा. नेम धरताना पुढची साइट एक मिलिमीटर जरी सरकली, तर पंचवीस मीटरवर गोळी वीस सेंटीमीटर बाजूला जाते. स्पर्धेच्या पिस्तुलात हेच अंतर बावीस सेंटीमीटरपर्यंत असतं, म्हणजे तीच चूक साडेअकरा सेंटीमीटरवर येते. शिकणाऱ्याचा हात एक मिलिमीटर हलतोच. आखूड नळीवर त्याला एवढी मोठी शिक्षा मिळाली की तो कंटाळून घरी बसतो. म्हणून .३२ वर सुरुवात दहा मीटरवर करा, पंचवीसवर नाही. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

बाजारात काय आहे ते थोडक्यात. २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ पर्समध्ये राहावं म्हणून हलकं केलेलं, जेमतेम अर्धा किलो. ‘निडर’ हे .२२ चं, पण वजन फक्त २५० ग्रॅम आणि नळी अगदी चिमुकली. .२२ घ्या म्हटलं की लोक हेच समोर धरतात, म्हणून मुद्दाम लिहिते की मी सांगतेय ते .२२ हे नव्हे. ही दोन्ही हत्यारं जवळ बाळगण्यासाठी बनली आहेत. नेमबाजीत हलकं हत्यार वैरी असतं, कारण प्रत्येक थरथर त्यात उतरते. २०२३ मध्ये आलेलं ‘प्रबल’ मात्र मला आवडलं. त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा फिरता भाग, बाजूला उघडतं, सांगाडा एकसंध आहे, वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. नवं .३२ घ्यायचंच असं पक्कं ठरलेलं असेल तर आधी ते हातात घेऊन बघा.

हातात घेऊन बघताना काय बघायचं? दुकानदाराला विचारून, हत्यार रिकामं आहे याची दोघांनी खात्री करून, घोडा (चाप दाबल्यावर काडतुसावर आपटणारा मागचा खटका) मागे ओढा आणि सिलिंडर बोटानं हलवून बघा. ते जागच्या जागी घट्ट बसलं पाहिजे. सैल हलत असेल तर सिलिंडरचं भोक आणि नळी एका रेषेत येत नाहीत, गोळीचं शिसं खरवडून बाजूनं उडतं. जुनं हत्यार घेताना हे सहाही भोकांना वेगवेगळं करून बघा. मग मूठ. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. मनगट वाकवून पोचावं लागत असेल तर ते हत्यार तुमच्या हाताचं नाही. माझा हात लहान आहे, मी मुठीची लाकडं सुताराकडून घासून घेतली.

घोडा आधी हातानं मागे ओढून चाप दाबला तर जोर दोन किलोच्या आसपास लागतो. नुसत्या चापानंच घोडा उठवून झाडायचं म्हटलं तर पाच किलोपर्यंत जातो, आणि त्या ओढीत नळी हमखास डावी-उजवीकडे जाते. पहिले सहा महिने घोडा ओढूनच झाडा.

रिव्हॉल्व्हरची एक गोष्ट पिस्तुलात नाही, आणि ती शिकण्यासाठी अमोल आहे. प्रशिक्षकांना सांगा, सिलिंडरमध्ये दोन जिवंत काडतुसं आणि चार रिकाम्या केसेस मिसळून भरून द्या, कुठं काय आहे ते मला सांगू नका. मग झाडा. रिकाम्या केसवर घोडा पडतो तेव्हा आवाज नाही, झटका नाही, आणि तरी तुमची नळी खाली डुबकी मारताना तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. तेच ते दचकणं. धमाका होण्याआधीच मन धमाक्याला घाबरतं. मला हे दिसलं त्या दिवशी कळलं की कागदाच्या कोपऱ्यातली ती गोळी तिथं का गेली होती. .२२ ची शिफारस मुख्यतः याचसाठी आहे. आवाज आणि झटका इतका कमी की मनाला दचकायची सवयच लागत नाही. एकदा लागलेली सवय मोडायला मला आठ महिने एअर पिस्तूल चालवावं लागलं.

दोन्ही हातांनी धरताना एक सांभाळा. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला सुटतो. दुसऱ्या हाताचा अंगठा किंवा बोट त्या फटीजवळ कधीही नको. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा, एकच गोळी झाडायची असली तरी. आणि .२२ चं हत्यार रिकामं ठेवून चाप दाबायचा सराव करू नका, त्याची पिन थेट भोकाच्या कडेवर आपटते. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात.

कायद्याचं. .१७७ बोअरची, २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेली एअरगन घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे तुम्ही याच महिन्यात सुरू करू शकता. बाकी हत्यारांसाठी नाशिक शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या नियमांनुसार हत्यार सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्रही लागतं. कारण लिहिताना खरं लिहा. तुम्हाला खेळायचं आहे तर ‘जिवाला धोका’ लिहू नका. क्लबचं सभासदत्व, स्पर्धांचे गुण, यांच्या आधारे खेळासाठीचा परवाना मागा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून ती दोन विचार करून निवडा. निवडणुका लागल्या की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात, तेव्हा सराव थांबतो. एअर पिस्तूल असेल तर तो थांबत नाही.

मळ्यात झाडायचा विचार मनात असेल तर काढून टाका. आमच्याकडे कुणी ना कुणी विचारतंच, “स्वतःच्या बागेत काय हरकत आहे?” .२२ ची गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि आपल्या शिवारात दीड किलोमीटरमध्ये किती वस्त्या येतात ते तुम्हीच मोजा. लग्नात, वरातीत हवेत झाडणं हा तर २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. उसात बिबट्या दिसला म्हणून रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांनाही मी हेच सांगते: बिबट्यासाठी वनखात्याला फोन करा.

आपण ज्या गावात राहतो तिथं हा खेळ शिकायची सोय आहे, हे फार मोठं भाग्य आहे. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला, पण नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्यानं नाशिकमध्ये गिरवले. खेळाडूंची मनं घडवणारे भीष्मराज बाम इथलेच. पिस्तूल प्रशिक्षक मोनाली गोऱ्हे यांनी इथं किती मुलामुलींच्या हातात पिस्तूल दिलं आणि ते कसं धरायचं हे शिकवलं. २०२१ च्या कोविडनं त्यांना नेलं. त्या गेल्या तेव्हा मी एअर पिस्तूल चालवायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि रेंजवर कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

तेव्हा माझा क्रम असा: सहा महिने ते वर्षभर एअर पिस्तूल, मग क्लबच्या .२२ स्पोर्ट पिस्तुलावर हात बसवा. तिथं नियमित येणाऱ्याला क्लबचं हत्यार वापरायला मिळू शकतं, स्वतःचं घ्यायची घाई लागत नाही. त्यानंतरही रिव्हॉल्व्हरची ओढ राहिली तर .३२. मी आता महिन्यातून एकदा वडिलांचं रिव्हॉल्व्हर नेते, सहाच गोळ्या, ताजी काडतुसं, दहा मीटर. गेल्या महिन्यात पाच काळ्या वर्तुळात होत्या. वडिलांनी तो कागद मागून घेतला आणि देवघराशेजारी लावला.

रेंजवर जाण्याआधी घरी डोळा तपासून जा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खिळ्याकडे बोट दाखवा आणि एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना बोट खिळ्यावरच राहतं तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताचे असून डावा डोळा मुख्य निघाला तर पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांना सांगा, मूठ त्याप्रमाणे धरायला शिकवतील. आणि घरात .३२ असेलच तर पावसाळ्यात ते कातडी पाकिटात ठेवू नका. कातडं ओल धरतं. आमच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर पाकिटाच्या शिवणीचा गंजलेला वण आजही आहे.