चंद्रावर आधारित परस्परसंवादी मांडणशिल्प : सुरुवात कुठून करावी?

सार्वजनिक जागेत चंद्राच्या कल्पनेवर, लोकांना भाग घेता येईल असे मांडणशिल्प उभारायचे असेल, तर सुरुवात सेन्सरपासून करावी की प्रोजेक्शनपासून, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्हींपासून करू नये. आधी चंद्राचा एखादा गुणधर्म निवडावा आणि प्रेक्षकाच्या कोणत्या हालचालीतून तो प्रकट होईल हे ठरवावे. साधनांचा प्रश्न त्यानंतर बराच सोपा होतो.

माझ्या पहिल्या कामात गोलाच्या आत दिवे होते आणि कोणी जवळ आले की ते सेन्सरमुळे उजळत. एकट्या माणसाला ते लगेच कळे, परंतु पंधरा-वीस जण एकाच वेळी वावरू लागले की कोणाच्या येण्याने काय घडले हे कोणालाच उमगत नसे. शिवाय त्यात चंद्राचे असे काहीच नव्हते.

पुढच्या वेळी मी सेन्सर काढून टाकले. मोकळ्या जागेच्या मध्यभागी पांढरा गोल टांगला आणि बऱ्याच अंतरावरून एकाच बाजूने त्यावर एकच तीव्र झोत सोडला. दिव्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहिल्यास गोल काळा दिसतो, म्हणजे अमावस्या. तेथून गोलाकडे तोंड ठेवून उजव्या हाताला चालू लागले की उजवी कड उजळते, पाव फेरीत अर्धा गोल प्रकाशतो, अर्ध्या फेरीत पौर्णिमा होते आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत कृष्णपक्ष पुरा होतो. उत्तर गोलार्धातून दिसणाऱ्या चंद्रकलांचा क्रम हाच आहे. कितीही माणसे असली तरी प्रत्येकाला त्याच्या जागेवरून वेगळी कला दिसते आणि समोरासमोरचे लोक एकमेकांना काय दिसते ते विचारू लागतात. कला म्हणजे पृथ्वीची सावली नव्हे, हे चालता चालता समजते, आणि या रचनेवर माझा जीव आहे तो त्यासाठीच.

अडचण पौर्णिमेच्या जागी येते, कारण तेथे प्रेक्षकाचीच सावली गोलावर पडते आणि ग्रहण लागते. उपाय आकाशातच आहे : चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. दिवा पुरेसा उंच नेला की सावली गोलाच्या खालून निघून जाते. मात्र त्यामुळे अमावस्येलाही वरच्या कडेला बारीक कोर उरते, आणि ती मी तशीच राहू दिली.

इतरांची कामेही जरूर पाहावीत. ल्यूक जेरॅम यांचा ७ मीटर व्यासाचा, आतून उजळलेला चंद्र नासाच्या छायाचित्रांवरून छापलेला असून त्यावरचा १ सेंटिमीटर चंद्रावरच्या सुमारे ५ किलोमीटरांइतका आहे. केटलिंड ब्राउन आणि वेन गॅरेट यांनी निकामी झालेल्या हजारो बल्बांपासून चंद्र घडवला, ज्याच्या कला लोक स्वतः चक्र फिरवून बदलत. मला दुसरे काम अधिक जवळचे वाटते, कारण तेथे हाताला श्रम पडतात. आवाजातूनही असे काही साधता येईल : चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर असल्याने रेडिओ संदेशाला जाऊन परत येण्यास सुमारे २.६ सेकंद लागतात, तेव्हा उच्चारलेला शब्द तेवढ्याच विलंबाने परत ऐकवला, तर ते अंतर कानांना जाणवेल.

जागेबाबत सर्वांत महत्त्वाचा आग्रह अंधाराचा धरावा. भर पौर्णिमेचे चांदणेही साधारण पाव लक्सच्या (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचे एकक) आसपास, म्हणजे अगदी मंद असते, म्हणून आपला दिवा वाढवण्याआधी भोवतालचे दिवे मंद करण्याची परवानगी मिळवावी. गोलाचा पृष्ठभाग चकचकीत नसावा. वाऱ्याचा भार अभियंत्याकडून तपासून घ्यावा, आणि फेरीचा मार्ग चाकाच्या खुर्चीलाही सहज जाता येईल इतका रुंद व वायरींपासून मोकळा ठेवावा.

आराखडा काढण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत एक पांढरा चेंडू टांगून टॉर्चच्या उजेडात त्याभोवती स्वतः एक फेरी मारावी. दिवा किती उंच हवा, याचा पहिला अंदाज तेथेच येतो.