तो म्हणतो, आई, हाच कॉम्प्युटर

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या मामाने अमेरिकेहून येताना 'स्टीम डेक' नावाचं खेळायचं यंत्र आणलं. आता घरातला जुना लॅपटॉप बंद पडलाय, तर चिरंजीव म्हणतात, "नवा नको. मला नुसता मॉनिटर आणि कीबोर्ड दे, बाकी सगळं यातच होतं." गेम खेळायला रान मोकळं मिळावं म्हणून थापा मारतोय का? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, थापा नाहीत. पण सांगतोय ते अर्धंच.

गेल्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपची बिजागरी तुटली. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस भाच्याचा डेक मागून आणला आणि हे सदर त्यावरच लिहिलं, म्हणून हे अनुभवाने सांगतेय.

व्हॉल्व्ह कंपनीने २०२२ साली काढलेलं हे यंत्र आतून सरळसरळ कॉम्प्युटरच आहे. एएमडीचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम. पॉवरचं बटण दाबून धरलं की 'डेस्कटॉप मोड'चा पर्याय येतो आणि समोर नेहमीसारखा पडदा उघडतो, फक्त विंडोज नाही, लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी वेगळी प्रणाली. ब्राउझर, ईमेल, लिब्रे ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखा फुकटातला संच), व्हिडिओवरचे तास, सगळं सुरळीत चालतं. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमधून इनस्क्रिप्ट ही टंकनाची रचना जोडली आणि कामाला लागले.

मॉनिटर मात्र तो मागतोय तर द्याच. सात इंची पडद्यावर मी पहिला लेख लिहिला आणि संपादकांनी फोन करून विचारलं, "अनुस्वार उपासाला गेलेत का?" खरंच दिसत नव्हते हो. रफार, अनुस्वार, सगळे मुंग्यांएवढे. मॉनिटर जोडल्यावर प्रश्न मिटला.

यंत्राला यूएसबी-सीचं भोक एकच, वरच्या कडेला. त्यातूनच चार्जिंग, त्यातूनच मॉनिटर. म्हणजे हब, एका भोकाची अनेक भोकं करून देणारी डबी, हवाच, आणि तो असा की त्यातूनच चार्जरही लावता येईल. मी स्वस्तातला आणला, त्याला चार्जिंगची सोयच नव्हती. ऐन मीटिंगमध्ये बॅटरी संपली, यंत्र बंद. सोबत आलेला ४५ वॅटचाच चार्जर वापरायला सांगा.

आणखी एक. प्रोग्राम 'डिस्कव्हर' नावाच्या दुकानातूनच घ्यावेत. मी शहाणपणा करून टर्मिनलमधून, म्हणजे हाताने आज्ञा टाइप करून, प्रिंटरचं काहीबाही बसवलं. पुढचं सिस्टीम अपडेट आलं आणि ते सगळं धुऊन गेलं. लेखांच्या फाइली सुखरूप राहिल्या, प्रिंटर गेला. ही तिथली रीतच आहे, बिघाड नव्हे.

आता मुलाने न सांगितलेलं अर्धं. बी.कॉम.ला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लागणार, आणि टॅली विंडोजवर चालतं. एक्सेलचंही तसंच. साधे तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये उघडतात, पण सरांनी मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, घातलेली फाइल दिली की रडारड. डेकवर विंडोज बसवता येतं, कंपनी त्यासाठीचे ड्रायव्हरही देते. पण एकाच यंत्रात लिनक्स आणि विंडोज दोन्ही सुखाने नांदवायची सोय ती देत नाही. ती खटपट ज्याची त्याने निस्तरायची. शिवाय कंपनी हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी बिघडलं तर ते घेऊन इचलकरंजीत कुठे जाणार? मामा अमेरिकेत.

तेव्हा त्याला आधी कॉलेजात विचारून यायला सांगा : टॅलीचा सराव लॅबमध्ये पुरेसा होतो का, आणि ऑनलाइन परीक्षेला विंडोजच लागतं का. लॅबमध्ये भागत असेल आणि परीक्षेची अट नसेल, तर हे वर्ष डेकवर निघेल. नसेल भागत, तर जुना, साधा विंडोज लॅपटॉप पाहा. मॉनिटर, कीबोर्ड तेव्हाही उपयोगी पडतीलच.

राहिला खेळाचा प्रश्न. डेस्कटॉपवर गेमिंग मोडकडे परत नेणारं एक चिन्ह असतं. त्यावर दोनदा टिचकी मारली की अभ्यास संपला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मजकूर द्यायच्या आदल्या रात्री, मी ती दोन वेळा मारली.