अँटीबॉडीच आहे ना, मग आमच्या बाबांना का नाही?

प्रश्न: बाबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालाय, लिव्हरपर्यंत गेलाय. मी वाचलं की इम्युनोथेरपीने 12 पेशंटच्या गाठी पूर्ण गेल्या, ऑपरेशनसुद्धा लागलं नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, "तुमच्या केसमध्ये त्याचा उपयोग नाही, केमोसोबत सेटक्सिमॅब देऊ." पण ती पण अँटीबॉडीच ना?

उत्तर: हो, दोन्ही अँटीबॉडीच, पण कामं वेगळी. तुम्ही वाचलेली ती डोस्टारलिमॅब, 2022 मध्ये आलेली बातमी. ती कॅन्सरला हातच लावत नाही, आपल्या टी-सेलवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींवर, पीडी-1 नावाचा ब्रेक असतो तो सोडते, बाकीचं काम टी-सेलनीच करायचं. आता ब्रेक सुटला तरी टी-सेलला गाठ परकी वाटली पाहिजे ना, आणि ती वाटते मुख्यतः ज्या गाठीत डीएनए दुरुस्तीची यंत्रणाच बिघडलेली असते तिथे, कारण तिथे म्युटेशन्सचा, म्हणजे जीनमधल्या बिघाडांचा, नुसता ढीग साचतो. ते 12 जण सगळे तसेच होते, शिवाय कॅन्सर रेक्टमचा (गुदाशयाचा) आणि लांब न पसरलेला, हे बातमीच्या हेडलाइनमध्ये कुठून येणार! पसरलेल्या केसेसमध्ये असे पेशंट साधारण 5 टक्केच.

बाबांचा बायोप्सी रिपोर्ट काढा. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 अशी चार नावं असतील, ही डीएनए दुरुस्त करणारी प्रोटीन्स. चारहीपुढे 'इन्टॅक्ट' असेल तर डॉक्टर बरोबर बोलतायत. एखाद्यापुढे 'लॉस' असेल तर मात्र पेम्ब्रोलिझुमॅबबद्दल (हीसुद्धा पीडी-1चा ब्रेक सोडणारी अँटीबॉडी) नक्की विचारा, अशा पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोवर तिने केवढी तरी आघाडी घेतलीय. आणि अशा केसमध्ये लिंच सिंड्रोमची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या दोषाची चौकशी तुम्हा भावंडांसाठीही करायला हवी.

सेटक्सिमॅब थेट गाठीच्या पेशीवरच्या ईजीएफआरला, म्हणजे वाढीचा सिग्नल घेणाऱ्या प्रोटीनला, चिकटते, वाढीचा सिग्नल तोडते, आणि तिचं मागचं टोक एनके सेलच्या (ही आणखी एक लढाऊ पेशी) हाती लागतं, मग ती सेल त्या पेशीला मारू शकते. म्हणजे इम्युनिटीची थोडी मदत इथेही आहेच. पण आरएएस जीनमध्ये म्युटेशन असेल तर केमोसोबत ही देत नाहीत, ती टेस्ट झालीय का तेवढं विचारून घ्या. चेहऱ्यावर पिंपल्ससारखं पुरळ येईल, घाबरून मनानेच औषध थांबवू नका.

एक टोक गाठीला अन् दुसरं टी-सेलला पकडणाऱ्या बायस्पेसिफिक अँटीबॉडीजवर आतड्याच्या कॅन्सरमध्ये अजून ट्रायल्स चालू आहेत, बाबांना एखाद्यात बसवता येईल का हे डॉक्टरांना विचारायला काहीच हरकत नाही.