बॅटरीवरचा आकडा आणि कूलोम

प्रश्न : बॅटरीवर ‘५००० मिलिअँपिअर-तास’ असे छापलेले असते, पाठ्यपुस्तकात मात्र विद्युतप्रभार कूलोममध्ये मोजतात. या दोन एककांचा मेळ कसा घालावा?

उत्तर : एक अँपिअर विद्युतधारा एक सेकंद वाहिली, की एक कूलोम प्रभार वाहून जातो, तासाचे सेकंद ३६०० असल्याने एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम, आणि त्याचा हजारावा भाग असलेला मिलिअँपिअर-तास ३.६ कूलोम. म्हणून आपल्या बॅटरीचा प्रभार १८,००० कूलोम भरतो. मात्र प्रभार म्हणजे ऊर्जा नव्हे, आणि गफलत बहुधा इथेच होते : दोन बॅटऱ्यांची ऊर्जा ताडून पाहायची असेल, तर अँपिअर-तासांना व्होल्टमधील विभवांतराने गुणून वॉट-तास काढावे लागतात.